वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मिशनवर राहण्यात अर्थ कसा शोधायचा?

तुम्ही विचारलंय, की आदिवासी पाड्यांवरच्या मिशनमध्ये दहा वर्षं झाली, बरोबरीच्या सिस्टर शिकायला गेल्या, मोठ्या संस्था चालवू लागल्या, आणि तुमच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. मग इथे थांबायचं कशासाठी?

सिस्टर, आधी एक गोष्ट बाजूला काढा. रात्री झोप लागत नसेल, महिनोन्महिने मोकळेपणी बोलायला कोणी नसेल, तर हा अर्थाचा प्रश्न नाही, थकव्याचा आहे. सुपिरियरना सरळ सांगा आणि महिनाभर घरी जाऊन या. त्यात कमीपणा कसला? परत आल्यावरही प्रश्न तसाच राहिला, तर पुढचं वाचा.

मी वसईचा धर्मगुरू, आता निवृत्त. माझीही बरीच वर्षं जव्हारच्या बाजूला गेली आणि तिथे मला फादर स्टीफन्स सतत आठवायचे. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या आपण भाषणात म्हणतो आणि मधली वर्षं विसरतो. हा इंग्रज माणूस १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारला. त्यातली बहुतेक वर्षं दक्षिण गोव्यातल्या साष्टीत गेली. जागा सोपी नव्हती. पोर्तुगिजांनी तिथली देवळं पाडली होती, लोक धुमसत होते. १५८३ मध्ये तिथल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट, म्हणजे स्टीफन्सच्याच येशूसंघातले मिशनरी, मारले गेले. मग पोर्तुगिजांनी बोलणी करायची म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. आपल्या सोबत्यांचे मृतदेह ताब्यात घ्यायचं काम स्टीफन्सवर आलं. त्या मिशनचा हिशेब आजही वादाचा आहे आणि तो असायलाच हवा. पांघरूण घालून मी तो तुम्हाला सांगणार नाही.

पण स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’, बायबलमधली कथा मराठी ओव्यांत सांगणारं काव्य, छापून आलं १६१६ मध्ये, म्हणजे गोव्यात आल्यावर ३७ वर्षांनी. त्यामागची तक्रार ग्रंथातच नोंदलेली आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं एखादं का देत नाही? जवळपास ११ हजार ओव्या हे त्या गाऱ्हाण्याला दिलेलं उत्तर. वरिष्ठांनी नेमून दिलेल्या यादीत असलं काम येत नाही. ते ऐकू यायला माणूस तिथे मुरलेला लागतो. त्यांचं कोकणीचं व्याकरण तर १६४० मध्ये छापलं गेलं, ते गेल्यावर २१ वर्षांनी. दहाव्या वर्षी त्यांनी काय दाखवलं असतं?

माझ्याकडे पुराणबिराण काही नाही. एका वारली आजीने मला भर अंगणात झापलं होतं, की पोरीला बारावीपर्यंत शिकवलंत, पण जातीच्या दाखल्यापायी ती घरी बसली, त्याचं काय? दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. पाड्यावर कुणाकडे असणार असला कागद? पण मला ठाऊक होतं, की या घरातला आजोबा लहानपणी मामाच्या गावी राहून थोडं शिकला होता. तिथल्या शाळेच्या कपाटात जुनं जनरल रजिस्टर निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात त्याचं नाव घरात म्हणतात त्यापेक्षा वेगळं लिहिलेलं, पण बापाचं नाव बरोबर, आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ ‘वारली’. नवीन आलेल्या फादरला, तो कितीही हुशार असला तरी, ते रजिस्टर सापडलं नसतं. कोणाचा मामा कुठला, हे चहा पिता पिता वर्षानुवर्षं कानावर पडत राहिलं तरच कळतं.

तेव्हा, सिस्टर, दहा वर्षांत काय उभं केलं हे मोजत बसू नका. तिथल्या बाया तुमच्यावर कशावरून चिडतात ते आठवा. परक्या माणसावर कोणी हक्काने चिडत नाही, आणि तुमचं पुढचं काम बहुधा तिथेच आहे.

बदली मागायची असेल तर जरूर मागा, स्टीफन्ससारखं तिथेच मरायला हवं असं थोडंच आहे? पण निघण्याआधी तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं तिथल्याच एखाद्या मुलीच्या हाती द्या. दाखल्यांचे तालुक्याचे फेरे आता आमच्या शाळेतली एक शिक्षिका मारते. माझ्याहून जास्त दाखले तिने काढून दिलेत, कारण मी साहेबांपुढे हात जोडायचो आणि ती भांडते.