२०१६ च्या 'घोस्टबस्टर्स'मध्ये चार बायका घेतल्या म्हणून चाहते एवढे का चिडले?

चिडले ते सिनेमा बघून नव्हे, हे आधी लक्षात घ्या. ट्रेलर मार्चमध्ये आला, सिनेमा जुलैत. मधल्या काळातच यूट्यूबवरच्या सर्वाधिक नापसंती मिळालेल्या ट्रेलर्समध्ये तो जाऊन बसला.

भुतं पकडणाऱ्या पुरुषांचा १९८४ चा मूळ सिनेमा ज्यांनी लहानपणी बघितला, त्यांना तो घरचाच वाटतो. त्यात नव्या सिनेमात पुढची गोष्ट नव्हती, सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आपला सिनेमा पुसला, असं वाटणारे होतेच. ट्रेलरमधले विनोदही फुसके होते, मलाही हसू आलं नाही. पण त्या चौघींपैकी कृष्णवर्णीय अभिनेत्री लेस्ली जोन्सला वर्णावरून इतक्या घाणेरड्या शिव्या पडल्या की तिने काही दिवस ट्विटर सोडलं. ती काय सिनेमाची समीक्षा होती?

सदाशिव पेठेत चहा पिताना माझा मावसभाऊ तावातावाने म्हणाला, "बायकांना ते शोभतच नाही." मी म्हटलं, "दादा, 'अशी ही बनवाबनवी' तुला पाठ आहे. पुण्यात खोली मिळावी म्हणून दोघे साडी नेसतात, ते चालतं?" त्याने कप खाली ठेवला. "ते वेगळं." काय वेगळं, ते अजून सांगायचंय त्याला. आणि ज्या बालगंधर्वांच्या नावाच्या रंगमंदिरात आपण नाटकं बघतो, ते तर स्त्रीभूमिकांसाठीच गाजले!

सिनेमा मात्र बेताचाच. क्रिस हेम्सवर्थचा बावळट रिसेप्शनिस्ट सोडला, तर मला फारसं काही आठवत नाही.