मेथडचं नाव बदलण्याआधी

वालचंद कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना तू आपल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे इतरांनी ॲप बांधायला वापरायच्या तयार कोडच्या सांगाड्यात, पहिला बदल पाठवतोयस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मेथडचं, म्हणजे कोडमध्ये नावानं बोलावता येणाऱ्या कृतीचं, नवं नाव घाईत ठरवू नकोस. एकदा रिलीज झालं की ते अनोळखी लोकांच्या कोडमध्ये मुरतं.

रेल्स या वेब फ्रेमवर्कचंच बघ. 'बिफोर फिल्टर'ऐवजी 'बिफोर ॲक्शन' हे मेथडचं नाव ४.० आवृत्तीत आलं, २०१३ साली. जुनं मात्र लगेच काढलं नाही. ५.० पासून जुनं नाव वापरलं की ते जाणार असल्याचा इशारा दिसू लागला, आणि ५.१ मध्ये, २०१७ साली, ते गेलं. चार वर्षं! एवढी सवड द्यावीच, कारण प्लगइन, म्हणजे फ्रेमवर्कला जोडायचे छोटे भाग, सांभाळणारे कितीतरी जण नोकरी करून रात्री कोडला बसतात.

तूही जुनी मेथड ठेव, ती आतून नवीला बोलावू दे. इशाऱ्यात पर्यायी नाव आणि जुनं कोणत्या आवृत्तीत जाणार, दोन्ही लिही. नुसतं 'कालबाह्य' लिहिणं मला अजिबात पटत नाही. वाचणाऱ्यानं त्यावर करायचं काय?

रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजआधीची चाचणीची आवृत्ती, निघाला की आपल्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजवाल्यांना कळव, त्यांच्या टेस्ट चालू देत. शुक्रवारी संध्याकाळी रिलीजचा टॅग, म्हणजे कोडवरची आवृत्तीची खूण, लावू नकोस. चेंजलॉगचा, म्हणजे आवृत्तीतल्या बदलांच्या यादीचा, मसुदा तूच लिही. रविवारी साताऱ्याला ये, पोवई नाक्यावर बसून ओळीनं ओळ तपासू.