जपानी लोक अग्निशामक आणि पोलिसांकडे कसे पाहतात?

दोघांनाही मान आहे, पण मानाची जात वेगळी.

अग्निशामकाचा मान एडोच्या काळापासूनचा; एडो म्हणजे आजचं टोकियो. लाकडी घरं, चिंचोळ्या गल्ल्या. पाण्याने आग आटोक्यात येत नसे. म्हणून वाऱ्याच्या दिशेची घरं आकड्यांनी ओढून पाडायची, म्हणजे आगीला पुढे जळायला काही उरत नाही. हे काम बांधकामावरचे 'तोबी' कामगार करत, कारण घर कुठून पाडायचं हे त्यांनाच नेमकं कळे. 1720 मध्ये जपानी मुळाक्षरांवरून पथकांची नावं पडली. 'हि'सह काही अक्षरं मात्र वगळली, कारण 'हि'चा अर्थ 'आग' असाही होतो! अग्निशामकांच्या जानेवारीतल्या संचलनात बांबूच्या शिडीवरच्या कसरती आजही होतात.

पोलीस म्हणजे आधी 'कोबान', कोपऱ्यावरची छोटी चौकी. लोक तिथे पत्ता विचारायला बिनधास्त जातात. पाकीट सापडलं तर तिथे द्यायचं. तीन महिन्यांत मालक आला नाही तर सहसा ते सापडणाऱ्याला मिळतं, आला तर 5 ते 20 टक्के बक्षीस मागता येतं. माझ्या मते पोलिसांवरचा विश्वास अशा रोजच्या व्यवहारातूनच रुजतो.

तिथे जात असाल तर लक्षात ठेवा: पोलीस 110, आग आणि रुग्णवाहिका 119.