मेडिकलच्या पाटीवरचा लाल क्रॉस

प्रश्न : नाशिकरोडला आमचं मेडिकलचं दुकान आहे. वडिलांच्या काळापासून पाटीवर लाल क्रॉस आहे. आता नवा बोर्ड करायला टाकला, तर भाचा म्हणतो, ‘मामा, हे चिन्ह युद्धाच्या कायद्यातलं आहे, दंड होईल.’ खोकल्याच्या औषधाचा आणि युद्धाचा संबंध काय? आणि जिनिव्हातल्या त्या रेड क्रॉससारख्या संस्थांचं लढणारे ऐकतात तरी कुठे?
— एक औषधविक्रेते

उत्तर : भाचा हुशार आहे, त्याचं ऐका. जिनिव्हा करार कायदा, १९६० प्रमाणे पांढऱ्यावरचा लाल क्रॉस केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. दंड फार तर पाचशे रुपये, पण ज्या मालावर चिन्ह असेल तो जप्त होऊ शकतो. शालिमारपासून गंगापूर रोडपर्यंत दवाखान्यांच्या पाट्या बघत गेलात, तर हा कायदा कुणी वाचलाय असं वाटणार नाही, ते सोडा.

ही खूण औषधाची नाहीच. युद्धातल्या जखमींसाठी झालेल्या १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारात ती ठरली ती समोरच्या बंदूकवाल्यासाठी. इथे जखमी आहेत आणि त्यांना उचलणारे आहेत, गोळी घालू नका, एवढं त्याला लांबून कळावं. लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असताना आम्हालाही या चिन्हाची दंडावर बांधायची पट्टी असायची. तिचेही नियम करारात लिहिलेत: डाव्या दंडावर, पाण्याने खराब न होणारी, लष्कराचा शिक्का मारलेली. पट्टीवाल्याने स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं हत्यार ठेवलं तर चालतं. हल्ल्याला ते वापरलं की संरक्षण गेलं. देवळाली कॅम्पात आज हे सांगितलं की तोफखान्यातली नवी पोरं विचारतात, ‘साहेब, शत्रू पट्टी बघतो का?’ बघतो, तिच्यावर विश्वास असेल तर.

म्हणून मला कोलंबियाचं प्रकरण टोचतं. २००८ साली तिथल्या सैन्याने मदतकार्याचं सोंग करून जंगलातून बंडखोरांच्या ताब्यातले पंधरा ओलीस सोडवले, एकही गोळी न झाडता. त्यात सोडवायला गेलेल्यांपैकी एकाच्या अंगावर रेड क्रॉसचं चिन्ह होतं. माणसं घरी आली याचा आनंदच आहे. पण त्यानंतर त्या जंगलात खऱ्या रेड क्रॉस समितीचं हेलिकॉप्टर उतरलं, तर बंडखोरांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघायचं? राष्ट्राध्यक्ष उरिबे यांनी रेड क्रॉसची माफी मागितली. ज्या संस्थेकडे ना फौज ना न्यायालय, तिची माफी एका देशाच्या प्रमुखाला मागावी लागली, ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे कारगिलच्या वेळी पाकिस्तानच्या हाती लागलेले वैमानिक नचिकेता यांनाही जून १९९९ मध्ये याच रेड क्रॉस समितीच्या हवाली केलं गेलं आणि मग ते परत आले.

दुसरी बाजूही लिहायलाच हवी. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफगाणिस्तानातल्या कुंदूझमध्ये अमेरिकी विमानाने इस्पितळावर मारा केला; ४२ जण गेले. ते चालवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने इस्पितळाची नकाशावरची नेमकी जागा अमेरिकेला आधीच कळवून ठेवली होती. जिनिव्हा करारांच्या चौकटीतलाच एक स्वतंत्र चौकशी आयोग आहे, त्याच्याकडे चौकशी द्या म्हणून त्यांनी मागणी केली. पण आयोगाला संबंधित देशांची संमती लागते आणि ती मिळाली नाही. अमेरिकेने स्वतःच चौकशी केली, सोळा जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, खटला कुणावरच नाही. पुढच्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने इस्पितळांच्या संरक्षणाचा ठराव केला. ठराव एकमताने झाला, इस्पितळांवरचे हल्ले काही थांबले नाहीत. संमती देण्याचा हक्क ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडेच राहतो, तोवर असल्या आयोगाकडून मी तरी फार आशा ठेवत नाही.

तर बोर्डवाल्याला आजच फोन करा आणि क्रॉस हिरवा करायला सांगा. युरोपात बऱ्याच देशांत औषधाच्या दुकानांवर हिरवाच असतो. रुग्णवाहिकेला निळा सहा टोकांचा तारा चालतो. गाडीच्या काचेवर लाल स्टिकर असेल, तर नखाने खरवडू नका, हेअर ड्रायरची गरम हवा द्या, अख्खं निघतं.