डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोल-प्लेइंग खेळात) मंक, म्हणजे हातापायांनी लढणारा साधू, सगळ्यात कमकुवत क्लास (पात्राचा प्रकार) म्हणतात. तो ताकदवान कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम, तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात, २०२४ चं पुस्तक डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) मान्य नाही, आणि टेबलावरचे सगळे "मंक कशाला, फायटर घे" म्हणून मागे लागलेत. मंकच घ्या. पण मित्र उगाच बोलत नाहीयेत, तेव्हा त्यांचं आधी ऐकून घेऊ.

पहिल्या लेव्हलला मंक मागे नसतो. क्वार्टरस्टाफ दोन्ही हातांनी धरला की १डी८+३ डॅमेज (आठ बाजूंचा एक फासा, अधिक तीन), वर बोनस ॲक्शनला (पाळीतल्या जादा छोट्या कृतीला) एक ठोसा १डी४+३. दोन्ही लागले तर सरासरी १३. ग्रेटसोर्डवाला फायटर तेव्हा १० ते ११ च्या घरात असतो. पुढे गणित फिरतं. फायटर आणि बार्बेरियन ग्रेट वेपन मास्टर ही फीट (जादा कौशल्य) घेतात आणि नेमावर −५ सोसून प्रत्येक फटक्याला +१० मिळवतात. मंकच्या हत्यारांना ती फीट लागूच पडत नाही. अकराव्या लेव्हलला फायटरला तिसरा अटॅक मिळतो, मंकच्या ठोशाचा डाय मात्र डी६ वरून डी८ होतो, बस. त्यात हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी८, अंगावर चिलखत नाही, आणि पाचव्या लेव्हलला 'की' पॉइंट (मंकच्या खास चालींचं भांडवल) फक्त पाच. डॅमेजच्या शर्यतीत तुम्ही हरणार, हे आजच मान्य करून टाका.

मग मंक करतो काय? कबड्डीतल्या चढाईपटूसारखा आत घुसतो, नेमक्या माणसाला गाठतो आणि बाहेर येतो. फायटर समोरच्या ऑर्कशी झुंजत असताना मागे उभा राहून स्पेल टाकणारा जो कोणी असेल, तो तुमचा. त्याच्यापर्यंत पहिल्या फेरीत पोचणं बाकी कुणालाच सहज जमत नाही. वुड एल्फ मंकचा वेग दुसऱ्या लेव्हलपासून ४५ फूट, आणि एक की पॉइंट टाकून स्टेप ऑफ द विंड (जादा धावण्याची चाल) घेतलंत तर ९० फूट.

पाचव्या लेव्हलचं स्टनिंग स्ट्राइक (एक की पॉइंट टाकून शत्रूला सुन्न, म्हणजे स्टन करणं) ही या क्लासची खरी ताकद, आणि बहुतेक जण ते वाया घालवतात, कारण ते सगळ्यात दांडग्या शत्रूवर वापरतात. सेव्हिंग थ्रो (शत्रूने वाचण्यासाठी टाकायचा फासा) कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगातल्या दमाचा असतो, म्हणजे दांडगा शत्रू तिथेच बळकट. विझ्डम १६ असेल तर पाचव्या लेव्हलला तुमचा डीसी (शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १४. मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या साध्या मेजचा (जादूगाराचा) कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +०, तो शंभरात ६५ वेळा फसतो. दोन फटके लागून दोन्ही वेळा स्टन लावला तर जवळपास ८८ वेळा. ॲडल्ट रेड ड्रॅगनचा तोच सेव्ह +१३ आहे आणि वर दिवसातून तीनदा लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह यशस्वी करून घेण्याची सोय). त्याच्यावर की उधळणं म्हणजे शुद्ध नासाडी.

स्टन झालेला मेज हलू शकत नाही, स्पेल टाकू शकत नाही, त्याचं कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल टिकवून धरणं) तुटतं, आणि तुमची पुढची पाळी संपेपर्यंत सगळे त्याच्यावर ॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा घेऊन) मारतात. तुमच्यातला रोग (चोरट्या चालीचा क्लास) स्नीक अटॅक लावेल, पॅलाडिन स्माइट, दोन्ही जादा डॅमेजच्या चाली. डॅमेजच्या हिशेबात ते आकडे त्यांच्या नावावर जातील. जाऊ देत.

क्रमही सांभाळा. स्टन लावायचा की नाही हे फटका लागल्यावर ठरवायचं असतं. म्हणून आधी नेहमीचे दोन अटॅक करा, स्टन लागला की मगच फ्लरी (एक की पॉइंट टाकून दोन जादा ठोसे), म्हणजे फ्लरीचे दोन्ही ठोसे ॲडव्हांटेजने पडतात. आधीच फ्लरी जाहीर करून बसू नका. दोन स्टन आणि एक फ्लरी म्हणजे तीन पॉइंट गेले, पाचातले.

इथेच खरी गोम आहे. की पॉइंट शॉर्ट रेस्टला (तासभराच्या विश्रांतीला) परत येतात आणि डंजन मास्टर्स गाइड दिवसातून साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरतं. तसं खेळलं तर पाचव्या लेव्हलच्या मंककडे दिवसाला १५ पॉइंट असतात. पुष्कळ टेबलांवर मात्र दिवसाला एकच मोठी लढाई होते आणि मग थेट झोप. तिथे मंक पाचच पॉइंटांवर दिवस काढतो आणि विझर्ड सगळे स्लॉट (स्पेल टाकायचं भांडवल) एकाच लढाईत ओततो. माझ्या मते मंकची बदनामी निम्मी यातूनच झाली आहे. मोहीम सुरू होण्याआधी डीएमशी हे बोलून घ्या. वॉरलॉक असेल तर त्याला बाजूला घ्या, त्याचे स्लॉटही शॉर्ट रेस्टलाच भरतात. फायटरचा ॲक्शन सर्जही (पाळीत एक जादा ॲक्शन) तसाच. तिघांनी मिळून "तासभर टेकू या" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

तिसऱ्या लेव्हलला सबक्लास निवडायचा आहे. तुमच्यासाठी मी वे ऑफ शॅडो सुचवेन. दोन की पॉइंटांत पास विदाउट ट्रेस: तुमच्याबरोबर ३० फुटांतल्या सगळ्या साथीदारांना स्टेल्थवर (लपण्याच्या फाशावर) +१०, तासभरापर्यंत. खणखणणाऱ्या चिलखतातला पॅलाडिनसुद्धा लपून जातो, आणि शत्रू बेसावध सापडला की अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते. सायलेन्सही (आवाज बंद, म्हणून बहुतेक स्पेलही बंद) दोनच पॉइंटांत मिळतं, ते कशासाठी हे मेजवाल्या परिच्छेदानंतर सांगायला नको. सहाव्या लेव्हलपासून अंधाराच्या एका जागेतून दुसरीकडे ६० फुटांपर्यंत थेट उडी. टाशाज कॉल्ड्रन (२०२०) चालत असेल तर वे ऑफ मर्सीही उत्तम, फ्लरीतला एक ठोसा बरं करण्यासाठी वापरता येतो. फोर एलिमेंट्सच्या वाट्याला जाऊ नका. नाव भारी, पण फायरबॉल मिळतो अकराव्या लेव्हलला आणि तोही चार पॉइंट घेऊन. विझर्ड तो पाचव्यालाच टाकत असतो.

आकडे: पॉइंट बायमध्ये (ठरावीक गुणांतून आकडे विकत घेण्याच्या पद्धतीत) डेक्स्टेरिटी १५, विझ्डम १५, कॉन्स्टिट्यूशन १४ घ्या, वुड एल्फचे बोनस धरून १७, १६, १४ होतात. एसी (तुम्हाला फटका लागायला शत्रूने गाठायचा आकडा) १६. चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १८ करा. दुसरा मार्ग म्हणजे व्हेरिएंट ह्यूमन आणि पहिल्याच लेव्हलला मोबाइल फीट: ज्याच्यावर अटॅक केला तो त्या पाळीत तुमच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाताना बसणारा फुकटचा फटका) करू शकत नाही, त्यामुळे बाहेर पडायला की खर्च होत नाही. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो.

वस्तूंबाबत डीएमला आडून सुचवत राहा, कारण जादूची तलवार आणि चिलखत सापडलं की ते दुसऱ्यांच्याच वाट्याला जातं. ब्रेसर्स ऑफ डिफेन्सने एसी +२ होतो. एल्ड्रिच क्लॉ टॅटूने ठोशांना +१ मिळतो आणि ते जादूचे धरले जातात. फिझबन्स ट्रेझरी (२०२१) मधला ड्रॅगनहाइड बेल्ट मिळाला तर सोनंच, तो स्टनचा डीसी वाढवतो आणि दिवसातून एकदा थोडे की पॉइंटही परत देतो.

मल्टिक्लास (दुसऱ्या क्लासच्या लेव्हल घेणं) करू नका. एक लेव्हल दुसरीकडे गेली की एक की पॉइंटही गेला. चौदाव्या लेव्हलला डायमंड सोल येतं, सगळ्या सेव्हिंग थ्रोमध्ये प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा बोनस), आणि तिथे मंक कुणाला ऐकत नाही. पण फार थोड्या मोहिमा तिथवर पोचतात, म्हणून आज विचार करा तो पाचव्या ते नवव्या लेव्हलचाच.