पोरगीला घेऊन चाललास, तर…

पोरा,

तुझा निरोप मिळाला. पाळी बदलली, रविवारची संध्याकाळ मोकळी मिळाली आणि पोरगीला घेऊन मैदानावरच्या त्या थीम पार्कात जायचंय. "मिस्त्री, एकच संध्याकाळ हाय, काय काय दाखवू?" असं विचारलंस. लेथवर उभं राहायला मी शिकवलं म्हणून हेही मलाच विचारतोस, याचं हसू आलं. पण विचारलंसच तर सांगतो, कारण या कामात माझ्या हातून एक जॉब रिजेक्ट झालेला आहे.

आमच्या गावची म्हाई, म्हणजे जत्रा, होती. माझा पोरगा पाच वर्षांचा. तेव्हा पार्कबिर्क कुठलं, डिझेल इंजिनावर फिरणारा पाळणा आणि बंदुकीनं फुगे फोडायचा फळा, एवढाच थाट. पोरगा त्या फळ्यापाशी खिळला. त्याला फुगे फोडायचे नव्हते. फुटलेल्या फुग्याच्या जागी नवा फुगा तोंडानं फुगवून, दोऱ्याची गाठ मारून टाचणारी एक बाई होती, तिच्याकडं तो बघत होता. मला ते खुळ्यासारखं वाटलं. एवढ्या लांब आणलाय, आणि हा गाठी बघतोय! "मिस्त्रीचं पोर पाळण्याला भितंय व्हय?" असं चारचौघांत म्हणालो, उचललं आणि शेजारी बसवलं. दुसऱ्या फेऱ्याला त्याची चड्डी ओली झाली. वर आणि घरी येऊन पै-पाहुण्यांत ती गोष्ट मीच हसत सांगितली. आज तो पुण्यात नोकरीला आहे, माझ्याशी नीट बोलतो. म्हाईचा विषय निघाला की मात्र पाणी प्यायला उठतो.

तेव्हा तुझी पोरगी नको म्हणाली की नको. "काही होत नाही गं" हे बापाचं सगळ्यात वाईट वाक्य, कारण तिला आत काहीतरी होत असतंच. तुलाही भीती वाटत असेल तर सांग की तिला तसं. सहा वर्षांच्या पोरीला बापाच्या पोटातही गोळा येतो हे कळलं, तर बिघडत नाही काही.

पण याचा अर्थ तू खाली उभा राहून पिशवी सांभाळायची असा नव्हे. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात आपल्या दोन मुलींना फिरत्या घोड्यांवर बसवायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबाप आणि पोरं मिळून मजा करतील अशी एखादी जागा का असू नये, हा विचार तिथं बसल्या बसल्या सुचला, असं त्यानंच सांगून ठेवलंय. १७ जुलै १९५५ ला त्याचं डिस्नेलँड उघडलं. म्हणजे हे सगळं थीम पार्क प्रकरण बाकावर कंटाळलेल्या बापातून निघालं. आणि आपण तिकीट काढून परत बाकच शोधतो, मोबाईल वर धरून. ती घोड्यावर बसली तर शेजारच्या घोड्यावर बस. तुझे पाय जमिनीला लागतील, लोक हसतील. हसू देत.

आता आपल्या धंद्यातलं. राइड बघताना गर्दीकडं नाही, यंत्राकडं बघ. रांगेत उभा असताना एक पूर्ण फेरा कान देऊन ऐक. चांगलं बेअरिंग एकसारखं घुमतं. दर फेऱ्याला त्याच जागी खरखरलं, तर पोरगीला दुसरीकडं ने, कारण सांगत बसू नकोस. पिनांना मागं स्प्लिट पिन, म्हणजे पिन निसटू नये म्हणून घालतात ती दुमडलेली बारीक पिन, आहे का बघ, की तिथं तार गुंडाळलीय. पाळणा भरणारा माणूस एका बाजूचे डबे सलग भरत नाही, समोरासमोर भरतो, म्हणजे चाक एका अंगाला ओढत नाही. तसं करणारा दिसला तर समजायचं, हा गडी काम जाणतो. डोलणाऱ्या जहाजात टोकाला झोका सगळ्यात मोठा आणि मध्ये सगळ्यात कमी, म्हणून बसलातच तर मधल्या बाकावर. जहाजाच्या पोटाखाली टायर असतो, तो फिरून खालून ढकलतो आणि थांबवतोही तोच. तो तिला दाखव. माझी खात्री आहे, तिला जहाजापेक्षा टायर आवडेल.

एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरणार. पुढचा आडवा दांडा तुम्हा दोघांत मिळून एकच असेल, तर तो तुझ्या मांडीवर टेकून थांबतो आणि तिच्यापुढं वीतभर फट राहते. तुझं पोट सुटलंय, त्याचा दोष तिला नको. बऱ्याच मोठ्या राइडपाशी उंचीची १२० सेंटिमीटरची रेघ असते, ती यासाठीही. चवड्यांवर उभी करून रेघ गाठायला लावू नकोस. वर्कशॉपात मापात एक दोराभर फरकसुद्धा सोडत नाहीस, मग इथं कशाला सोडायचं?

पाळण्यात बसायचं ठरलंच, तर वर गेल्यावर तिला सांग की असलं भलंमोठं लोखंडी चाक पहिल्यांदा शिकागोत १८९३ ला एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं उभं केलं. फेरिस त्याचं आडनाव. ८० मीटर उंच, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. आरेही सायकलच्या चाकासारखे, ताणावरचे. तिला यातलं निम्मंही कळणार नाही. पण ती खाली बघायची विसरेल, आणि तूही.

आणि समज, दारातच तिचं मन मोडलं. भोंगा, दिवे, ढकलाढकली, काही पोरांना सोसत नाही. मग गाडी फिरव. पुढच्या सुट्टीला दुपारीच कणेरी मठावर जा. तू रोज गोकुळ शिरगावला जातोस, तिथून पुढं थोडंच अंतर. सिद्धगिरीचं ते ग्रामजीवन म्युझियम म्हणजेही थीम पार्कच की, फक्त त्यात काही फिरत नाही. बलुतेदार, शेतं, जनावरं, सगळं सिमेंटचं आणि जिथल्या तिथं. माझी नात लोहाराच्या भात्यापाशी इतका वेळ थांबली की शेवटी तिनंच विचारलं, "आजोबा, हा कधी फुंकणार?" मी म्हणालो, थांबूया. थांबलो. मागचे लोक वळसा घालून पुढं गेले.

रविवारी मात्र तिथून निघालात की सरळ घरी जाऊ नका, रंकाळ्यावर या. अंधार पडायच्या आत आलात तर शालिनी पॅलेसचा मनोरा पाण्यात दिसेल. एकच भेळ घ्या, तिखट कमी सांगून, आणि काय पाहिलंस हे तिला विचारू नकोस. पोरं परीक्षा घेतल्यावर खोटं बोलतात. गप्प बसलास तर आपोआप येईल, बहुतेक त्या टायरबद्दल. परतताना गाडीवर पेंगली तर पुढं टाकीवर घेऊ नकोस. रिक्षा कर, गाडी मी सोमवारी पोहोचवतो, किल्ली रंकाळ्यावरच्या माझ्या भाच्याकडं दे.

झालं की फोन कर. कशाकशात बसलात ते मी विचारणार नाही. भेळ कुणी संपवली तेवढं सांग.

तुझा,
मिस्त्री