स्टायपेंड: विद्यावेतन, मानधन की फी?

प्रश्न असा आहे: नुकतीच सनद घेतलेल्या वकिलाला सीनियरकडून दरमहा जे ‘स्टायपेंड’ मिळतं, त्याला मराठीत विद्यावेतन म्हणावं की मानधन? आणि विद्यावेतन म्हटलं तर त्यावर आयकर लागत नाही, हे खरं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: खरं नाही. हा समज शिष्यवृत्तीवरून आलेला. शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(16) नुसार करमुक्त होती. ‘विद्यावेतन’ ऐकताना आपल्या कानात विद्या राहते नि वेतन निसटतं. ज्युनियरला पैसे मिळतात ते मसुदे करण्याचे, तारखा घेण्याचे, साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले की ‘पास ओव्हर’, म्हणजे प्रकरण थोडं नंतर पुकारा अशी मुभा, मागत उभं राहण्याचे. ही कमाईच.

मग पगार म्हणायचं? तिथेही अडचण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे ऑफिसं हे पैसे सहसा व्यावसायिक फी म्हणून दाखवतात. माझ्या भाचीचंच घ्या. 2025-26 मध्ये ठरले होते महिना 25,000, खात्यात यायचे 22,500. पावतीवर ‘स्टायपेंड’, पण 26एएस, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडलं तर कलम 194जे, म्हणजे फीवरचा 10 टक्के टीडीएस. ती हिरमुसली. वर्षाचे 3 लाख, त्यातले 30,000 कापलेले. पण कर कापला म्हणजे कर लागलाच असं नसतं. तिचं दुसरं उत्पन्न नव्हतं. कलम 44एडीए ही छोट्या व्यावसायिकांसाठी अंदाजे नफा धरण्याची सोय; तिच्याखाली निम्मी रक्कम नफा धरली की उरतात दीड लाख. त्यावर कर शून्य, म्हणजे रिटर्न भरून सगळे 30,000 परत मागता येतात. सनद न घेता कंपनीच्या विधी विभागात ट्रेनी असाल तर तो पगारच. तिथे फॉर्म 16 मिळतो आणि प्रमाणित वजावटही.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले, पण पावतीवरच्या शब्दाला आयकर खातं आजही भुलत नाही.

आता शब्दाकडे. ‘स्टायपेंड’ लॅटिन ‘स्टिपेंडियम’वरून आला, आणि तो होता रोमन सैनिकाचा पगार! म्हणजे मुळातच मोबदला. त्या हिशेबाने ‘विद्यावेतन’ चांगला जुळतो. निवासी डॉक्टरांमुळे तो वर्तमानपत्रांत रुळला आहे, आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही 6,000 ते 10,000 रुपयांना हाच शब्द आहे. ‘मानधन’ मला इथे पटत नाही. भाषणाला बोलावलेल्या पाहुण्याला शोभतो तो; रोज राबणाऱ्याला मानधन म्हटलं की धन आखडतं घ्यायची सोय होते. अंगणवाडी सेविकांना विचारा.

गंमत म्हणजे या शिकण्याच्या काळाला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: उमेदवारी. ‘अमक्यांकडे वकिलीची उमेदवारी केली’ असं जुने लोक सहज म्हणत. पण त्या काळात मिळणाऱ्या पैशाला तसा शब्द नाही. कदाचित पैसेच मिळत नसावेत, उमेदीवर भागत असावं. ज्युनियरना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी बार कौन्सिलची शिफारस आली तीही ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि ती शिफारसच आहे.

तर बोलताना खुशाल विद्यावेतन म्हणा. करारात आणि पावतीवर मात्र ‘व्यावसायिक फी’च लिहून घ्या.